निवळीचं पाणी

"उरकुडाजी, हे काय करून राहिले तुम्ही?"

माझा आवाज ऐकला आणि त्यांच्या हातातली बाटली पडता पडता राहिली. घाटाच्या खालच्या पायरीवर ते उकिडवे बसले होते. पुढ्यात आमच्या जलमापन केंद्राच्या सहा बाटल्या ओळीनं मांडलेल्या. तीन बाटल्यांच्या तळाशी बोटभर लाल गाळ बसलेला, आणि त्यांच्यातलं वरचं पाणी ते हलक्या हातानं उरलेल्या तीन बाटल्यांत ओतत होते. शेजारी एक सपाट दगड, त्यावर पांढरट ओला लेप आणि चार-दोन गोल बिया.

"काई नाई बाई. तुमी एवढ्या सकारी कशा आल्या?"

"मी विचारते ते आधी सांगा. दगडावर काय उगाळलंय?"

"निवळी."

निवळी मला माहीत होती. खैरीटोला गावात घरोघरी ती असायचीच. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ आलं की बाया ही बी दगडावर उगाळायच्या, लेप माठात कालवायच्या आणि घटकाभरात गाळ खाली बसून पाणी चकाचक व्हायचं. उरकुडाजींच्या घरचं असलं पाणी मी कितीदा तरी पोटभर प्याले होते, आणि वर त्यांच्या बायकोचं कौतुकही केलं होतं. पण ती निवळी आमच्या बाटल्यांत काय करत होती हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. कळलं तेव्हा मी त्यांच्यासमोर पायरीवर बसले.

ही सत्त्याण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि अंगात शहाणपण नको तेवढं भरलेलं. बोरझरी नदीच्या काठी आमचं केंद्र, म्हणजे पत्र्याची एक खोली, त्यात एक तराजू, एक भट्टी आणि कुमुद बारापात्रे नावाची मी. रोज सकाळी आठला नदीच्या तीन ठिकाणांहून पाणी आणायचं, कागदातून गाळायचं, कागद भट्टीत वाळवायचा आणि तोलायचा. कोऱ्या कागदाचं वजन वजा केलं की उरला तो नदीत तरंगणारा गाळ. लिटरमागे किती मिलिग्रॅम, हा एक आकडा रजिस्टरात लिहायचा आणि खाली सही ठोकायची. एवढीच माझी नोकरी.

त्या आकड्याला दीडेक वर्षापूर्वी एकाएकी किंमत आली होती. नदीच्या वरच्या अंगाला डोंगरात लोखंडाची खाण निघाली, आणि दगड धुण्याचा कारखाना नदीकाठीच बसला. सरकारनं मंजुरी देताना अट घातली होती की नदीत गाळ शंभराच्या वर गेला तर कारखाना बंद. पण हिवाळ्यात काचेसारखी वाहणारी बोरझरी दिवाळीनंतरही लाल दिसायला लागली. खैरीटोल्याला लागून हत्तीडोह होता, तीन पुरुष खोल. उन्हाळ्यात नदी आटली तरी डोह आटत नसे, आणि गावातली साठ ढिवर घरं त्या डोहातल्या मासोळीवर वर्ष काढत. त्या डोहात गाळ बसायला लागला होता. मरळ जाळ्यात यायची तीच मेलेली, कल्ल्यांत लाल चिखल भरलेली. मच्छीमार सोसायटीनं तक्रार केली. पण तक्रारीला पुरावा लागतो, आणि पुरावा होता माझ्या रजिस्टरात. तिथे आकडे होते अडतीस, बेचाळीस, पस्तीस, चाळीस.

मलाही ते कोडं पडलं होतं. डोळ्यांना लाल दिसणारं पाणी कागदावर येईपर्यंत इतकं शहाणं कसं होतं? बुधवारी तालुक्याला सुनावणी होती. म्हणून सोमवारी मी ठरवलं की आज पाणी स्वतःच्या हातानं घ्यायचं, आणि साडेसहालाच घाटावर आले.

"केव्हापासून चाललं आहे हे?" मी विचारलं.

"मागच्या नाई, तिच्या आंधीच्या दिवारीपासून."

"म्हणजे वर्ष झालं! अहो, वर्षभर तुम्ही मला धुतलेलं पाणी देत होता? उरकुडाजी, मला वाटलं होतं सगळं जग फसवील पण तुम्ही नाही! काय मिळालं तुम्हाला यातून?"

साठीला आलेला, काटक, काळासावळा माणूस. एकोणीस वर्षं रोजंदारीवर केंद्राचा डोंगा वल्हवत होते. अंगात खाकी सदरा, आणि तोंडात नेहमी असणारा तंबाखू-सुपारीचा खर्रा आज त्यांनी माझ्याकडे पाहत गिळूनच टाकला असावा.

"बोला ना. खाणवाल्यांनी सांगितलं होतं का?"

"राम राम! बाई, असं तं बोलू नका." त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "पाणी खराब निंगालं तं सरकार मासोळी धरनं बंद करते ना. डोहावर पाटी लागते. साठ घरं कुठी जातीन? म्हनून म्या म्हटलं, आपली नदी नापास नाई झाली पायजे. आपल्या हातानं कशी नापास करू जी तिले?"

मला हसावं की रडावं कळेना. ज्या आकड्यानं कारखाना बंद पडला असता तोच आकडा हा माणूस रोज सकाळी निवळी उगाळून खाली आणत होता. तेही डोह वाचावा म्हणून.

"अहो, उलट आहे ते! गाळ जास्त निघाला असता तर कारखाना बंद झाला असता. मासोळी नाही. तुम्हाला हे कुणी डोक्यात भरवलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि बाटलीचं बूच लावत राहिले.

"असंच. कानावर आलं होतं."

मग त्यांना पूर्ण उमगलं. हात थांबले. डोहाकडे बघत ते एकदम पोरासारखे रडायला लागले. पुरुषमाणूस असा मोठ्यानं रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. माझाही राग विरघळला. मी म्हटलं, "रडू नका. अजून काही गेलेलं नाही. परवा सुनावणी आहे. मी साहेबांना सगळं सांगते. मी डोळ्यांनी पाहिलंय ना? नव्यानं मोजणी होईल."

"माही नौकरी जाईल ना बाई?"

"कदाचित जाईल," मी म्हटलं. खोटं बोलवेना.

"जाऊ द्या. डोह रायला पायजे."

त्या दिवशी आम्ही दोघं डोंग्यातून गेलो. तीन ठिकाणांहून पाणी घेतलं. दुपारी कागद तोलला तेव्हा तराजूवर माझा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा तोलला. लिटरमागे सहाशे बारा. मंगळवारी सहाशे चाळीस. दोन्ही दिवसांचे कागद मी सही करून पर्समध्ये ठेवले.

मंगळवारी दुपारी मी उरकुडाजींच्या घरी गेले. उद्याच्या बसची वेळ सांगायची होती. ते सोसायटीत गेले होते. त्यांची बायको गिरजाबाई अंगणात जाळं विणत बसली होती. तिनं पाट टाकला, पाणी दिलं. मी तांब्याकडे पाहतच राहिले. प्यावंसं वाटेना.

"तुमी त्याइले लय बोलल्या म्हनते काल," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"बोलले. पण गिरजाबाई, कुणीतरी त्यांच्या डोक्यात भलतंच भरवलं होतं. कोण होता तो शहाणा, कळला तर चार शब्द सुनावीन म्हणते."

गिरजाबाईच्या हातातली सुई थांबली.

"त्याइनं नाई सांगतलं तुमाले?"

"नाही."

"तुमीच तं सांगतलं होतं बाई."

"मी?"

"त्या आंधीच्या दिवारीले. फराळाले आल्या होत्या. याच पाटावर बसल्या होत्या तुमी. यायनं इचारलं, का बाई, पाणी नापास झालं तं काय होते? तुमी चकली खाता खाता म्हटलं, मासोळी धरनं बंद, दुसरं काय! आन् हासल्या. यायले त्या रात्री झोप नाई आली."

मला आठवलं. ते मी म्हटलं होतं. गंमत म्हणून, धड विचारही न करता. शिकलेल्या माणसानं अडाण्याला उडवून लावायचं म्हणून काहीतरी बोलावं तसं. आणि त्या माणसानं ते बोलणं वर्षभर उगाळलं होतं.

काल घाटावर मी विचारलं तेव्हा ते मान खाली घालून का बसले, तेही आता कळलं. माझं नाव त्यांना माझ्याच तोंडावर घ्यायचं नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती मी अजून सांगितलेली नाही. रजिस्टरात रोजच्या आकड्याखाली एक छापील ओळ असायची: नमुना माझ्या समक्ष घेतला. त्याखाली माझी सही. पहिले सहा महिने मी खरंच रोज डोंग्यात बसत होते. मग एका पावसाळ्यात डोंगा कलंडला, मी दोन गटांगळ्या खाल्ल्या, उरकुडाजींनी वेणीला धरून बाहेर काढलं. तेव्हापासून मला पाण्याची धडकीच भरली. ते म्हणाले, "तुमी बसा बाई खोलीत, मी आनतो पानी." मी बसले. आणि त्या सोमवारपर्यंत नुसत्या सह्या करत राहिले.

बुधवारी तालुक्याच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सोसायटीचे चाळीसेक ढिवर आले होते, अध्यक्ष तानबाजी पुढच्या रांगेत. समोर सुनावणीचे साहेब, उजवीकडे खाणीचे वकील. साहेब माणूस बरा होता. सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेत होता.

वकिलांनी माझं रजिस्टर उघडलं आणि एकेक आकडा वाचायला सुरुवात केली. "चाळीस. छत्तीस. एक्केचाळीस. साहेब, हे आकडे आमचे नाहीत. सरकारचे आहेत. शंभराच्या जवळपास तरी कुठे दिसतो का आकडा?"

तानबाजी ओरडले, "आमचे डोळे फुटले का मंग?"

"डोळ्यांना काय वाटतं त्यावर कारखाने बंद होत नसतात," वकील म्हणाले.

मी उठायच्या बेतात होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, मले बोलाचं हाय."

उरकुडाजी उभे राहिले होते. धुतलेलं धोतर, डोक्याला मुंडासं. हात जोडून त्यांनी सगळं सांगितलं. निवळी, बाटल्या, वर्षभराचं पाणी, काही म्हणता काही लपवलं नाही.

साहेबांनी विचारलं, "असं करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोनी नाई जी. माह्याच मनानं केलं."

"साहेब," वकील हसत म्हणाले, "हा गृहस्थ कोण आहे? याच सोसायटीचा सभासद. तक्रार यांची, आणि पाणी आणणाराही यांचाच. आकडे विरोधात गेले, तेव्हा आज उठून सांगतो की मीच पाणी बदललं. उद्या आणखी काही सांगेल. याला आधार काय?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे वळले.

"बारापात्रे बाई, केंद्र तुमच्या ताब्यात आहे. तुम्ही या माणसाला असं करताना स्वतः पाहिलं आहे का? पाहिलं असेल तर सांगा. मी नव्यानं मोजणी लावतो, आणि ती होईपर्यंत कारखाना बंद ठेवतो."

मी उठले. खरं सांगते, 'हो' माझ्या ओठांवर होतं.

"एक मिनिट साहेब," वकील म्हणाले. त्यांनी रजिस्टर माझ्यासमोर धरलं आणि छापील ओळीवर बोट ठेवलं. "बाईंचं उत्तर 'हो' असेल, तर या वर्षभरातल्या सगळ्या सह्या खोट्या ठरतात. समक्ष घेतला म्हणून सरकारी कागदावर लिहिणं, आणि समक्ष नसणं. यावर गुन्हा दाखल करायची मी आत्ताच लेखी मागणी करणार. बाईंनी एवढं लक्षात ठेवून उत्तर द्यावं."

मला कायम व्हायला दोन महिने होते. नवऱ्याचं आणि माझं फाटलं होतं. चार वर्षांची प्राजक्ता नागपूरला आईकडे होती आणि तिची शाळेची फी माझ्या पगारातून जात होती. हे सगळं त्या दोन-तीन क्षणांत डोक्यात आलं. कारणं म्हणून सांगत नाही. कारणं पुष्कळांना असतात.

मी उरकुडाजींकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते, निश्चिंत. बाई सांगतीलच, असं तोंडावर स्पष्ट लिहिलेलं.

"नाही साहेब," मी म्हणाले. "नमुने माझ्यासमोरच घेतले जात होते. मी असं काही पाहिलेलं नाही."

पर्समध्ये दोन कागद होते. मी पर्स छातीशी घट्ट धरली आणि खाली बसले.

तक्रार फेटाळली गेली. साहेबांनी लिहिलं की सरकारी नमुन्यांवर अविश्वास दाखवायला आधार नाही, आणि संबंधित रोजंदारी मजुराला कामावरून कमी करावं.

बाहेर आले तर आवारात गर्दी झाली होती. तानबाजींनी उरकुडाजींच्या सदऱ्याला धरलं होतं. "किती खाल्ले खानीचे? सांग! भर सभेत खोटं बोलून केस बुडवली भाड्या! तुह्या त्या निवळीच्या गोष्टीनं सगळ्याइले येडं ठरवलं!" कुणीतरी त्यांचं मुंडासं ओढून फेकलं. ते एवढंच म्हणाले, "म्या खाल्ले नाई." मुंडासं उचललं, झटकलं आणि बाजूला झाले. त्या गर्दीत मी चार पावलांवर उभी होते. तेव्हाही बोलता आलं असतं. साहेबांपुढे नाही तर निदान त्या चाळीस माणसांपुढे. मी पर्स काखेत आवळून तशीच उभी राहिले.

गर्दी पांगली तेव्हा ते माझ्याजवळ आले. मला वाटलं आता हे मला शिव्या देतील. द्याव्यात, असंच वाटत होतं.

"बाई, पाच वाजताची बस चुकली तं मंग सातची हाय," ते म्हणाले. "थंडी पडते. तुमाले सोलापुरी चादर देऊ का गिरजेची? पिशवीत हाय."

"उरकुडाजी, मी..."

"लेकरू लहान हाय तुमचं," ते म्हणाले. "मी समजलो जी."

माझ्या जन्मात मला कुणी एवढं मारलं नाही.

दोन महिन्यांनी मी कायम झाले. पुढे नागपूरला बदली झाली, बढती झाली, मुलगी शिकली. खैरीटोल्याकडे मी अकरा वर्षं फिरकले नाही. त्या बाजूच्या फायली आल्या तरी दुसऱ्याकडे सरकवायची. मग एका फेब्रुवारीत काही निमित्त नसताना, रजा टाकून गेले. सोसायटीच्या सभेत उभं राहायचं आणि सगळं सांगायचं, असं ठरवून गेले. बसमध्ये मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते.

उरकुडाजी दोन वर्षांपूर्वीच गेले होते. गिरजाबाई ओसरीवर बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. आवाजावरून तिनं मला ओळखलं.

"त्याइच्या मयतीले चार मानसं होती बाई," ती म्हणाली. "खांदा द्याले पुरता एक एक. खानीचा मानूस म्हनत होते ना त्याइले. शेवटपरेंत म्हनत होते."

मी तिचे पाय धरले. म्हटलं, "गिरजाबाई, आज मी सांगायला आले आहे. सगळ्यांसमोर. तानबाजींना बोलवा, सोसायटी भरवा. मी पाहिलं होतं, मी खोटं बोलले, त्या दोन दिवसांचे कागद अजून माझ्याकडे आहेत. सगळं सांगते."

ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. तो हात मला सोसवत नव्हता.

"कोनाले सांगता माय आता?" ती म्हणाली. "सोसायटी मोडली. डोह बुजला ना पुरा. मासोळीच नाई तं सोसायटी कायची? तानबा मेला. बाकीचे गेले हैद्राबादले, मिरच्या तोडाले, बांधकामावर गाराकामाले. साठ घरांत आता आठ रायले, आन् त्याइत बी आमी मातारे."

"मग त्या आठांना सांगते."

"सांगा. पन त्याइले आता आठवत बी नसन."

तिनं शेजारच्या सुनेला हाक मारली आणि डांगर, म्हणजे तिकडचं टरबूज, कापायला सांगितलं. पाहुणा आला की काहीतरी हातावर ठेवायचंच, तो तिचा स्वभाव. त्या बाईनं लालभडक टरबुजाची फोड ताटलीत घालून माझ्या पुढ्यात ठेवली.

"खा बाई," गिरजाबाई म्हणाली. "घरचं हाय. हत्तीडोहातलं. गाळावर डांगर लय चांगलं येते."

मी फोड उचलली. मला दुसरं काही करता येण्यासारखं उरलं नव्हतं. मी ती खाल्ली, पार पांढऱ्या सालीपर्यंत. गोड होती.